गुडघे साथ देत नसतील तर क्रूझवरून किनाऱ्यावर कसं उतरायचं

विमानतळावर व्हीलचेअर मागितली की माणूस खुर्ची घेऊन येतो आणि थेट विमानाच्या दारापर्यंत नेतो. ही सोय आता आपल्या आजी-आजोबांच्या इतक्या अंगवळणी पडली आहे, की क्रूझवरही तसंच असेल असं सगळे धरून चालतात. मीही धरलं होतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात, त्यातल्या एकाचं ऑपरेशन झालेलं. बहीण सिअ‍ॅटलला राहते, म्हणून तिथून अलास्काची सात रात्रींची क्रूझ ठरवली. बुकिंग करताना व्हीलचेअरच्या चौकटीत खूण केली आणि निर्धास्त झालो.

जहाजात चढताना खुर्ची मिळाली, ढकलणारा माणूसही मिळाला. पहिल्या बंदराच्या सकाळी पुन्हा खुर्ची मागितली, तेव्हा समजलं की ती मदत फक्त पहिल्या दिवशी चढण्यासाठी आणि शेवटच्या दिवशी उतरण्यासाठी असते. मधल्या बंदरांवर फिरायला खुर्ची आपली आपण आणायची आणि ढकलायचीही आपणच. बहुतेक क्रूझ कंपन्यांची पद्धत अशीच आहे. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मला बाल्कनीतून सगळं दिसतंय." ती सकाळ माझ्या मनाला अजून लागून आहे. तशी वेळ तुमच्या घरच्या कुणावर येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जहाज स्वतः फारसं अवघड नसतं. लिफ्ट असतात, सपाट पॅसेज असतात, दर थोड्या अंतरावर बसायला जागा असते. सगळी परीक्षा जहाजाचं दार आणि जमीन यांच्यामधल्या वीस-पंचवीस पावलांत आहे. तयारी करायची ती त्या पावलांची.

आधी पायांचा खरा हिशेब

"चालता येतं ना?" असं विचारलं तर आपली वडीलधारी माणसं "होतंय की" असंच उत्तर देतात. त्यांना आपला भार कुणावर टाकायचा नसतो. म्हणून प्रश्न मोजूनमापून विचारा. कठडा धरून सलग किती पायऱ्या उतरता येतात? एसटीच्या पहिल्या पायरीएवढ्या उंचीवर कुणी न उचलता पाय टाकता येतो का? रांगेत वीस मिनिटं उभं राहता येतं का? उतारावर भीती वाटते का? आणि सर्वांत महत्त्वाचं: व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती खुर्चीतून उठून, हाताचा आधार घेऊन, तीन-चार पावलं टाकू शकते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर क्रूझचा मार्गच वेगळा निवडावा लागतो. ते पुढे सांगते.

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी रंगीत तालीम जवळच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते. तिच्यात रॅम्पवरून चढता येतं, त्यामुळे उतारावर पाय कसे वागतात ते कळतं. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकणं त्याहून बरंच कठीण आहे: ओल्या दगडी पायऱ्या, हलणारी बोट, मागे गर्दी. ज्यांना ते आधार घेऊन जमतं, त्यांना शांत समुद्रात क्रूझची टेंडर बोट, म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर नेणारी लहान बोट, सहसा जमते. जमत नसेल तर ते घरी असतानाच कळलेलं बरं. पैसे भरून झाल्यावर, परमुलखात कळण्यापेक्षा कितीतरी बरं.

प्रत्येक बंदराला एकच प्रश्न: धक्का की टेंडर?

जहाज किनाऱ्याला लागण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, धक्क्याला टेकून उभं राहतं आणि गँगवे, म्हणजे उतरता पूल, टाकला जातो. दुसरी, धक्का नसेल किंवा पाणी उथळ असेल तर जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लहान बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. बहुतेक वेळा त्या जहाजाच्याच जीवरक्षक बोटी असतात, काही ठिकाणी स्थानिक बोटी येतात.

माहितीपत्रकात बंदरांची नावं आणि सुंदर फोटो असतात. टेंडरची खूण असलीच तर बारीक अक्षरात, तळटिपेत. ती शोधा. सापडली नाही तर एजंटला लेखी विचारा. "सगळीकडे व्यवस्था आहे हो" या उत्तरावर थांबू नका, बंदरागणिक उत्तर मागा.

आपल्याकडची मंडळी ज्या मार्गांवर जास्त जातात त्यांचं थोडक्यात सांगते. मुंबईहून गोव्याला जहाज मुरगावच्या धक्क्याला लागतं, कोचीतही धक्का आहे. लक्षद्वीपच्या अगत्तीला मात्र मोठं जहाज किनाऱ्यापर्यंत जाऊच शकत नाही. प्रवाळाची रांग ओलांडून लहान बोटींनीच जावं लागतं, आणि अशक्त गुडघ्यांना ते फार जड जातं. सिंगापूरहून निघालात तर पेनांगला जहाज जॉर्जटाउन शहरातच धक्क्याला लागतं. फुकेतला अनेक मोठी जहाजं पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात, तिथे टेंडर. भूमध्य समुद्रात बार्सिलोना, नेपल्स, पिरेअस (अथेन्सचं बंदर), चिवितावेक्किया (रोमसाठीचं बंदर) ही धक्क्याची बंदरं आहेत. ग्रीसचं सँटोरिनी बेट टेंडरचंच. कॅरिबियनमधलं ग्रँड केमनही टेंडरचंच.

धक्का लिहिलेला असला तरी ऐन दिवशी बदल होऊ शकतो. अलास्कातल्या स्कॅगवे गावात २०२२ मध्ये धक्क्यालगतच्या डोंगरावरून दरडी येऊ लागल्या, म्हणून जहाज लावायची एक जागा बंद ठेवावी लागली आणि काही जहाजांना टेंडर वापरावी लागली. कोकणातल्या घाटांची सवय असलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून टेंडर मुळीच न जमणाऱ्यांनी असा मार्ग निवडावा ज्यात धक्क्याची बंदरं जास्तीत जास्त असतील. एखादं हुकलं तरी सहल हातची जात नाही.

कंपनीला कळवताना काहीही लपवू नका

प्रत्येक मोठ्या क्रूझ कंपनीत विशेष गरजांसाठी वेगळा विभाग आणि वेगळा फॉर्म असतो. निदान दोन-तीन महिने आधी तो भरा. एजंटने भरला म्हणाला तरी त्याची प्रत मागून घ्या. व्हीलचेअरची रुंदी, वजन, ती घडी होते का, बॅटरी कोणती, किती पावलं चालता येतात, हे सगळं लिहा. रुंद दाराच्या आणि बाथरूममध्ये दांडे असलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात, त्यामुळे तिकीट काढताना पहिला विषय तोच काढा.

काही लोकांना वाटतं, जास्त सांगितलं तर नकार मिळेल. कायदा मात्र प्रवाशाच्या बाजूचा आहे. युरोपीय संघातल्या बंदरातून सुटणाऱ्या क्रूझला तिथला ११७७/२०१० क्रमांकाचा नियम लागू होतो. मदत लागणार असल्याचं निदान ४८ तास आधी कळवलं, तर बंदरात चढण्या-उतरण्याची मदत मिळण्याचा हक्क त्यात आहे. अमेरिकेत २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परदेशी झेंड्याच्या क्रूझ जहाजांनाही अमेरिकेच्या पाण्यात असताना तिथला अपंगत्वविषयक कायदा लागू होतो. तरीही टेंडरच्या बाबतीत शेवटचा शब्द कॅप्टनचा. समुद्र खवळलेला असेल तर तो नाही म्हणतो, आणि त्याच्याशी वाद घालू नये. त्याला लाटा दिसत असतात.

खुर्ची कोणती न्यायची

लहान चार चाकांची हलकी खुर्ची गाडीच्या डिकीत छान मावते, म्हणून बहुतेक लोक तीच घेतात. विमानतळ आणि मॉलसाठी ती उत्तम. पण युरोपातल्या जुन्या गल्ल्यांत दगडी फरशीच्या फटीत तिचं पुढचं चाक अडकतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. मागे मोठी चाकं असलेली, घडी होणारी साधी खुर्ची न्या. चार किलो जास्त भरेल, पण रस्त्यावर तीच तारते. जिथे टेंडर आहे तिथे तर हाताने ढकलायची हलकी खुर्चीच चालते, जड बॅटरीची स्कूटर बहुतेक जहाजं टेंडरवर घेत नाहीत. खुर्ची भारतातून न्यायची नसेल तर सिअ‍ॅटल, व्हँकुव्हर, बार्सिलोना अशा मोठ्या बंदरांत भाड्याने घेऊन केबिनमध्ये पोचवून घेता येते. हे त्या शहरातल्या नातेवाइकांवर सोपवा, ते आनंदाने करतात.

खुर्ची नको, काठी पुरते असं असेल तरी काठीचं रबर नवं बसवून घ्या. झिजलेलं रबर ओल्या लोखंडावर घसरतं.

आणि कपडे. आईने आयुष्यभर साडीच नेसली आहे, पण गँगवेवर समुद्राचा वारा असा येतो की पदर आणि निऱ्या सांभाळायलाच दोन्ही हात लागतात. कठडा धरायला हात मोकळे हवेत. तिने दुसऱ्या दिवसापासून सलवार-कुर्ता घातला, साडी रात्रीच्या जेवणाला नेसली. पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट, चपला नकोत. पर्स खांद्यावर लटकती नको, गळ्यातून तिरकी घ्या. हातात काहीही नको, अगदी फोनसुद्धा.

गँगवे: सगळा खेळ भरती-ओहोटीचा

कोकणातल्या माणसाला हे दोन वाक्यांत कळेल. धक्का एका जागी, जहाज पाण्याबरोबर वरखाली. भरतीला जहाजाचं दार धक्क्याच्या वर जातं आणि गँगवे चढा होतो. म्हणून मग खालच्या मजल्याचं दार उघडतात. ओहोटीला उलट. सकाळी दुसऱ्या मजल्यावरून सपाट उतरलात तर दुपारी परतताना तो सपाटच असेल असं नाही.

भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी अर्ध्या मीटरहून कमीच वरखाली होतं, त्यामुळे तिथला गँगवे दिवसभर जवळजवळ सारखा राहतो. अलास्कात मात्र उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी सहा मीटरहून जास्त बदलते, आपल्या मुंबईच्या उधाणापेक्षाही अधिक. जुनो शहरात त्यासाठी तरंगते धक्के केले आहेत. तिथे जहाज आणि धक्का बरोबर हलतात, गँगवे सारखाच राहतो. पण तरंगता धक्का आणि जमीन यांच्यामधला पूल ओहोटीला तीव्र चढाचा होतो. म्हणजे जहाजातून उतरलात म्हणून सुटलात असं नाही, खरा चढ पुढे आहे.

मग काय करायचं? त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनवर मिळतं. आदल्या रात्री बघा आणि जाण्या-येण्याची वेळ त्यावरून ठरवा. आम्ही एके ठिकाणी ते न बघता दुपारी परतलो आणि इतका चढा गँगवे समोर आला, की आई खाली थबकलीच. दोन खलाशांनी खुर्ची वर नेली, पण ती भेदरली होती. दुसऱ्या बंदरावर दीड तास थांबून परतलो तर तोच चढ निम्म्यावर आलेला.

चालत उतरणाऱ्यांसाठी फिजिओथेरपिस्टचा जुना नियम: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. गँगवेवर आडव्या पट्ट्या असतात, पाय त्या पट्टीला टेकवून ठेवा. खुर्ची तीव्र उतारावरून नेहमी उलटी उतरवायची, म्हणजे बसलेल्याची पाठ उताराकडे. जहाजाच्या दाराशी उभे असलेले कर्मचारी हे काम रोज करतात. त्यांना "मदत कराल का?" इतकंच म्हणा. आपली माणसं संकोचतात आणि मुलाला किंवा सुनेला एकटीला खुर्ची ओढायला लावतात. तसं करू नका, तिथेच अपघात होतात.

आणि गर्दी टाळा. जहाज लागल्यावर पहिला पाऊण-एक तास लिफ्टपुढे आणि दाराशी झुंबड असते. निवांत नाश्ता करून उतरलात तर रांगेत उभं राहावं लागत नाही.

टेंडरमध्ये पाय टाकताना

जहाजाच्या खालच्या दाराशी एक फळी किंवा छोटा प्लॅटफॉर्म असतो आणि बोट त्याला लागून हलत असते. दोन खलाशी दोन बाजूंना उभे असतात.

पहिलं: तुम्हाला वेळ लागेल हे रांगेत असतानाच सांगा, म्हणजे ते मागची माणसं थांबवतात. दुसरं: हाताचा पंजा पकडू नका. खलाशाचं मनगट घट्ट धरा आणि त्याला तुमचं धरू द्या. पंजे घामाने सुटतात, ही पकड सुटत नाही. तिसरं: पाण्याकडे बघू नका, बोटीचा तळ बघा. चौथं: बोट वर येते, क्षणभर थांबते, खाली जाते. खलाशी "आता" म्हणेल तेव्हाच पाय टाका, आणि टाकला की मनात शंका आणून मागे घेऊ नका. एक पाय जहाजावर आणि एक बोटीत ही सर्वांत वाईट अवस्था. आत गेल्यावर दारालगतच्या बाकावर बसा, उतरताना सोपं जातं.

खुर्चीतून उठताच येत नसेल तर बहुतेक जहाजांवर टेंडर बंदच, कारण खलाशांना माणूस उचलायची परवानगी नसते. काही जहाजांवर मात्र खुर्ची सरळ आत ढकलता येईल अशी सोय असते. सेलिब्रिटी एज या जहाजाच्या कडेला तर वरखाली सरकणारा मोठा मंच आहे आणि टेंडरच्या दिवशी तो पाण्यालगत आणून ठेवतात. जहाज निवडताना हा प्रश्न आवर्जून विचारा.

पलीकडचा किनाराही विचारात घ्या. सँटोरिनीला टेंडर जिथे सोडते ते जुनं बंदर उंच कड्याच्या पायथ्याशी आहे. वरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, किंवा पाचशेहून जास्त पायऱ्या, किंवा गाढव. केबल कारच्या स्टेशनातही पायऱ्या आहेत. जहाजाच्या काही सहली टेंडरने अथिनिओस बंदरात नेतात, तिथे बस पाण्याजवळ येते. पण परतताना बहुधा केबल कारनेच खाली यावं लागतं. गुडघ्यांची खात्री नसेल तर सँटोरिनी जहाजाच्या डेकवरून बघा. समुद्रातून दिसणारा तो पांढऱ्या घरांचा कडा खरोखर तिथूनच पूर्ण दिसतो.

जमिनीवर पोचल्यानंतर

धक्का म्हणजे गाव नव्हे. इटलीतलं लिव्होर्नो हे मालवाहतुकीचं बंदर आहे, तिथे शटल बसशिवाय बाहेर पडता येत नाही. फ्लॉरेन्स तिथून नव्वदेक किलोमीटर, पिसा त्यामानाने जवळ. चिवितावेक्कियाहून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. क्रोएशियातल्या डुब्रोवनिकला जहाज ग्रुझ बंदरात लागतं, जुन्या गावाची वेस तिथून तीनेक किलोमीटरवर. शटलला पायऱ्या आहेत की रॅम्प, हे आदल्या दिवशी जहाजावरच्या सहलींच्या काउंटरवर विचारा.

जहाजाची सहल घ्यावी की खासगी टॅक्सी? जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, ही मोठी निश्चिंती. पण पन्नास जणांच्या बसबरोबर धावपळ होते. बंदराजवळच्या जागी मी टॅक्सी घेईन. रोमसारख्या दूरच्या जागी जहाजाचीच सहल, आणि लिफ्ट असलेली बस हवी असं सांगून. अशा बस थोड्या असतात.

जिथे गुडघे दुखणाऱ्यांनी नक्की जावं अशा काही जागा सांगते. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली आणि वर काँक्रीटची वाटही केली आहे. पार्थेनॉनसमोर आता खुर्चीतून पोचता येतं. पाँपेईत २०१६ पासून खुर्ची आणि बाबागाड्यांसाठी तीन किलोमीटरहून लांब, सोपा केलेला मार्ग आहे. अलास्कात जुनोच्या धक्क्याजवळूनच डोंगरावर जाणारी गोल्डबेल्ट ट्रॅम आहे, खुर्चीसकट आत जाता येतं. मेंडेनहॉल हिमनदीसमोरच्या फोटो पॉइंटपर्यंतची वाट सपाट आहे.

आणि स्कॅगवेची रेल्वे. १८९८ ते १९०० या काळात सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी बांधलेली ही तीन फूट रुंदीची लाइन, माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. आधी कळवलं तर खुर्ची चढवायला लिफ्ट लावतात. जाऊन-येऊन कुठेही उतरावं लागत नाही, खिडकीतून दऱ्या, धबधबे आणि बर्फ. आई त्या दिवशी तीन तास एक शब्दही बोलली नाही. संध्याकाळी जेवताना मात्र थांबली नाही.

परतीची वेळ आणि शेवटचा दिवस

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवतो आणि घोळ होतो. सगळ्यांनी जहाजावर परतण्याची वेळ असते, तिच्या निदान दीड तास आधी धक्क्याला या. शेवटच्या टेंडरसाठी कधीही थांबू नका, तिला सर्वांत मोठी रांग असते आणि दुपारनंतर वारा वाढलेला असतो.

शेवटच्या दिवशी खुर्ची कंपनीकडून मिळते, पण आपोआप नाही. दोन दिवस आधी रिसेप्शनवर नाव द्या आणि कुठल्या मजल्यावर, किती वाजता थांबायचं ते कागदावर लिहून घ्या. सामान आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायला सांगतात. औषधं, काठी, सकाळचे कपडे आणि पासपोर्ट त्या बॅगेत जाऊ देऊ नका. खुर्चीच्या मदतीला तास-दीड तास लागू शकतो, म्हणून त्या दिवशीचं विमान दुपारनंतरचंच घ्या.

आमच्या वेळी आई सकाळी सहालाच तयार होऊन खुर्चीत बसली होती, मांडीवर पर्स, पायात बूट. ढकलायला आलेल्या मुलाला तिने मराठीतच सांगितलं, "हळू रे बाबा, पट्टीवर धक्का बसतो." त्याला ते बरोबर कळलं.